गुरूंचं नाव

"पहिलं अक्षर ज असतं, तर पुढे हे दोन स्वर कशाला आले असते?" मास्तरांनी पूल खेळायची काठी, आपला क्यू, उलटा धरून मुठीखाली कोरलेली रोमन अक्षरं पुढे केली. "हे उत्तरेकडचं नाव आहे. तिकडे या अक्षराचा य होतो. योवेन."

"जोव्हाइन," दातांचे डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे या नावाचे तीन क्यू आहेत."

"तीन असले म्हणून उच्चार बदलत नाही, डॉक्टर."

पूलच्या टेबलांवरचे डाव अर्धवट टाकून सगळे या दोघांभोवती जमले होते. कुणाचा नेम चांगला यावरून क्लबात कधी भांडण झालं नव्हतं. या नावावरून मात्र दर रविवारी व्हायचं. भूगोल शिकवणारे मास्तर एरवी मऊ माणूस, पण परक्या नावाचा उच्चार म्हटला की हट्टाला पेटायचे.

आज निकाल लागणार होता. हे क्यू बनवणारे कातारी स्वतः आले होते. क्लबाने त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि ते भिंतीलगतच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"तुम्हीच सांगून टाका," डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "तुमच्या गुरूंचं नाव. ते स्वतः कसं म्हणायचे?"

कातारींनी क्यूवरच्या अक्षरांकडे पाहिलं. गुरू कुठले? लाकूड कातायला त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. सुरुवातीच्या क्यूंवर त्यांनी स्वतःचंच नाव कोरलं, तर ते क्यू दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात उभे राहिले. "काठी झकास आहे," दुकानदार म्हणाला होता, "पण शेजारच्या गल्लीतल्या माणसाचं नाव बघून कोण घेणार?" तेव्हा त्यांनी बाहेरून आलेल्या यंत्राच्या एका खोक्यावरची अर्धवट पुसलेली अक्षरं उचलली आणि कोरून टाकली. खोक्यावर काय लिहिलं होतं कोण जाणे. 'जपून उचला' असंही असेल. परदेशी उस्ताद आणि त्याचा एकुलता एक शिष्य ही गोष्ट पुढे दुकानदाराने रचली. कातारींनी ती कधी सांगितली नाही, आणि कधी खोडूनही काढली नाही. वडिलांनी तेवढं एकदा त्या अक्षरांवरून अंगठा फिरवून विचारलं होतं, "हे कोण?"

"असंच," ते म्हणाले होते. वडील "बरं" म्हणून आपल्या यंत्रापाशी परतले होते.

ते नाव कातारींनी आजवर कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात तसंच," ते म्हणाले. डॉक्टर जवळ उभे होते, एवढंच.

हशा पिकला. डॉक्टरांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "हो का," म्हणाले आणि ओठातल्या ओठात घोकू लागले, जोव्हाइन, जोव्हाइन. जाताना मुद्दाम कातारींपाशी आले.

"इतकी वर्षं तुमच्या गुरूंचं नाव चुकीचं घेत होतो. वर पोरांच्या चुका काढतो. राग मानू नका."

कातारींना मान वर करता आली नाही.

घरी बायकोने विचारलं, "कसा झाला सत्कार?"

"झाला."

"झाला म्हणजे? तोंड का असं?"

त्यांनी सांगितलं. ती हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

"दुकानदार कधीच गेला. त्याची थाप तुम्ही कशाला जपताय?" आणि मग हळूच म्हणाली, "मामंजींना कुणी कधी गुरू म्हटलं नाही."

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांच्या घरी गेले. मास्तर नुकतेच येऊन उत्तरपत्रिका तपासायला बसले होते. त्यांना एवढा आनंद झाला की आत चहा टाकायला सांगून ते कातारींना बसायला स्वतःचीच खुर्ची देऊ लागले.

"उभाच बरा आहे," कातारी म्हणाले, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. खोकं, दुकानदार, वडील. "काल तुम्ही माझी माफी मागितलीत. ती मला पेलली नाही. ज नाही, य नाही, काहीच नाही ते."

मास्तरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सारखा केला, पुन्हा एकदा केला.

"माझं काय, मी हाताला बसला म्हणून घेतला क्यू," ते शेवटी म्हणाले. "नावाचं मला काही नाही."

कातारींनी मान हलवली. भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले.

"खोटं बोललो," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "नावामुळेच घेतला. दुकानाच्या कोपऱ्यात दुसरा एक होता, हाताला तोच जास्त बसत होता. पण त्याच्यावर इथलंच कुणाचं तरी नाव होतं."

कुणाचं, ते कातारींनी विचारलं नाही. खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन ते हळूच खाली बसले.

"आणा इकडे तो क्यू," ते म्हणाले. "बघतो एकदा."

मास्तरांनी आतून क्यू आणला. कातारींनी तो डोळ्याशी धरला, एक डोळा मिटून टोकापर्यंत नजर लावली, बोटांवर गोल फिरवला.

"वाकलेला नाही," ते म्हणाले.

"नाही ना?"

"नाही."

आतून चहा आला. मास्तरांनी क्यू त्यांच्या हातून घेतला आणि अक्षरं भिंतीकडे करून कोपऱ्यात उभा केला.