दोघांत मिळून एक

नागपूरहून दोन कागद आले होते. इंग्रजीत होते म्हणून भगवानराव कंपाउंडरने वाचून दाखवले. पहिल्यात होतं, इंद्रभान पुंजाजी, राहणार सोनाळा, कॅन्सर आहे. दुसऱ्यात होतं, इंद्रभान पुंजाजी, राहणार सोनाळा, कॅन्सर नाही.

इंद्रभान पुंजाजी म्हणजे मी.

मी हसलो. दवाखान्यात बाकावर बसलेली माणसं जरा सरकून बसली. माझ्या शेजारी थोरला भाऊ कडूबा होता. त्याने विचारलं, "अन् माहा कागद?"

भगवानरावने टेबलाचा खण उघडला, टपालाची पिशवी उलटी केली, खुर्चीखालीसुद्धा पाहिलं. कडूबा नावाचा कागद नव्हता.

हे कसं झालं ते सांगतो. तंबाखू मला दादाने शिकवली. चिमूट कुठे धरायची तेही त्यानेच शिकवलं, डाव्या गालात, दाढेच्या मागे. त्यामुळे चट्टे पडले तेही दोघांना एकाच जागी. तीन महिने झाले तरी भरेनात. आमच्या मळ्यात मिरची, आणि तिखटाचा कण लागला की डोळ्यांपुढे काजवे. तेव्हा आम्ही बैलगाडी जुंपून आमच्या वऱ्हाडातल्या जळगावला आलो. तिथे एका कापूसवाल्या शेटजीने आईच्या नावाने धर्मादाय दवाखाना काढला होता. खामगावहून महिन्यातून एकदा मोटारीने डॉक्टर यायचे.

त्या दवाखान्यात औषध फुकट, बाटली मात्र घरून न्यायची. म्हणून झुंबरबाई वहिनीही आली होती, दोन बाटल्या धुऊन घेऊन. एक हिरवी, तिच्या माहेराहून गुलाबपाणी भरून आलेली. दुसरी साधी, खोबरेल तेलाची. डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. दोघांच्या गालातून तुरीच्या दाण्याएवढा एकेक तुकडा कापला, बाटल्यांत कसलंसं पाणी ओतून त्यात टाकला आणि म्हणाले, हे नागपूरला तपासायला जाईल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे आमच्या गालाचा निकालही तिकडेच लागायचा होता.

मग आमच्या तोंडात कापूस कोंबून घंटाभर बोलायची मनाई केली. दादा ओट्यावर डोळे मिटून टेकला. मी मोरीपाशी रक्त थुंकत होतो. बाटल्या घेऊन भगवानरावच्या टेबलाशी गेली ती वहिनी.

"ही कोणाची?" त्याने एकेका बाटलीला विचारलं.

आता वहिनी नवऱ्याचं नाव कसं घेणार? नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. त्यातून दादाच्या आधीची तीन लेकरं गेलेली. म्हणून आमच्या आईने याचं नाव कडूबा ठेवलं, की मरणाने चाखावं आणि थुंकून द्यावं. बारा वर्षांच्या संसारात वहिनीने कारल्याला कधी कडू म्हटलं नव्हतं. 'कारलं लई कारलं लागते' म्हणायची.

नवऱ्याच्या बाटलीला ती म्हणाली, "इंद्रभानभाऊजीच्या मोठ्या भावाची."

भगवानराव मान वर न करता लिहिणारा माणूस. कानावर पडलं तेवढं नाव त्याने लिहिलं, इंद्रभान. दुसऱ्या बाटलीला त्याने विचारलं, "ही?" "ही इंद्रभानभाऊजीची." तेही लिहिलं. दोन इंद्रभान झाले म्हणून, किती हुशार पाहा, एकावर एक आकडा घातला आणि दुसऱ्यावर दोन. मात्र कोणती बाटली आधी पुढे केली, हिरवी की तेलाची, आणि कोणत्या बाटलीत कोणाचा तुकडा होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. नागपूरच्या कागदावर आकडा होता, बाटलीचा रंग नव्हता.

एक नंबरला कॅन्सर होता.

म्हणजे आम्हा दोघा भावांत मिळून एक कॅन्सर होता. जमीन आमची एकत्र, बैल एकत्र, तंबाखूची चंची एकत्र. तो तेवढा वाटून घ्यायचा राहिला होता.

"पुन्हा तुकडा कापा," मी म्हटलं.

"पुन्हा दीड महिना जाईल," भगवानराव म्हणाला. "ज्याला आहे त्याच्या गळ्यात उतरेल तोवर. मी डॉक्टरांना लिहून विचारतो."

आठ दिवसांनी उत्तर आलं. दोन कागद एकाच नावाचे असले तर जास्त गंभीर कागद खरा धरावा. इंद्रभानने पुढच्या सोमवारी यावं, त्याला मुंबईची चिठ्ठी देऊ, तिथे अर्धा जबडा काढतील.

अर्धा जबडा काढला तर हसताना कसं दिसेल, हे मी विहिरीत वाकून पाहिलं. पाण्यात सगळाच जबडा दिसत होता.

दुपारी दादा आणि मी मिरचीच्या खळ्यावर बसलो. लाल मिरची वाळत पडलेली. त्याने माझं तोंड उघडून पाहिलं, मी त्याचं.

"तुहा लहान हाय," तो म्हणाला.

"तुहा जुना हाय."

"जुन्याले काई होत नसते बे. बारकं असते तेच डसते." मग त्याला वाटलं की हे बरं नाही बोललो. म्हणाला, "माहाच असन, इंद्या. तू काऊन भेतं? सोमवारी मीच सांगतो का एक नंबर मी."

"नाई, दादा," मी म्हटलं. पण हळू म्हटलं. इतकं हळू, की त्याला ऐकू गेलं नाही तरी चालेल. तेव्हापासून मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्याने सांगून उपयोगही नव्हता. तोंडी कॅन्सर धरत नाहीत, असं भगवानरावने आधीच बजावलं होतं. बाटली ज्याने दिली त्याने रजिस्टरात नाव दुरुस्त करायचं, अंगठा द्यायचा.

वहिनी देठं खुडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"वहिनी, पयली बाटली कोनाची देल्ली?"

"ध्यान नाई, भाऊजी."

मी लहानपणी दिवाळीत किती करंज्या चोरल्या ते वहिनीच्या ध्यानात होतं. त्यातल्या किती फुटक्या होत्या तेही. तिला दोन बाटल्या आठवत नाहीत? मी देठ खुडत विचार करायला लागलो. एक नंबर माझा असेल, तर ती माझ्या तोंडावर कशी सांगेल? म्हणून गप्प. एक नंबर दादाचा असेल, तर नाव घ्यावं लागेल, आणि आधीच मरण दारात उभं असताना ती आयुष्य कसं घटवेल? म्हणून गप्प. दोन्हीकडून गप्पच. हिशेब करता करता हात डोळ्याला लागला आणि मी घंटाभर रडलो. मिरचीने.

"उखान्यात घ्या न नाव," मी डोळे पुसत म्हटलं. "लग्नात घेतलं तवा कोठी घटलं आयुष्य?"

एरवी ती माझ्या फालतू बोलण्यावर हसायची. त्या दिवशी तिने देठं उचलली आणि आत गेली.

सोमवारी डॉक्टर आले. "इंद्रभान कोण?" मी हात वर केला. त्यांनी मला उजेडात बसवलं आणि खिशातून निळी पेन्सिल काढली. कानापासून हनुवटीपर्यंत माझ्या गालावर सावकाश एक रेघ ओढली.

"इथून काढतील," ते म्हणाले. "मुंबईवाल्यांना समजायला सोपं जातं."

पेन्सिलीचं टोक गार होतं. मला काहीतरी विनोदी बोलायचं होतं. दात वाजायला लागले, त्यामुळे जमलं नाही. दादा उठून म्हणाला, "साहेब, एक नंबर मी हाव." डॉक्टरांनी भगवानरावकडे पाहिलं. भगवानरावने रजिस्टर दाखवून मान हलवली. डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले.

तेव्हा वहिनी पुढे आली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. भिंतीकडे तोंड करून, लग्नातल्या त्याच चालीवर ती म्हणाली,

"हिरवी बाटली हाती घेतली, पदराखाली डबा,
पयली बाटली ज्याहिची, ते माह्ये कडूबा."

बाकावरची माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, "वा वो माय!" दवाखान्यात उखाणा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. मी दादाकडे पाहिलं. तो बायकोकडे पाहत होता, लग्नात पाहिलं असेल तसा.

"बाई," भगवानराव म्हणाला, "रजिस्टरात गाणं लिहिता येत नाही. नाव सांगा."

"कडूबा."

"कोण कडूबा?"

"माह्ये मालक."

"पूर्ण सांगा. मोठ्यानं."

"कडूबा पुंजाजी," वहिनी मोठ्याने म्हणाली. आता कोणी हसलं नाही. "हिरव्या बाटलीत त्याहिचा तुकडा होता. हिरवीच आधी देल्ली म्या. पयल्या दिवसापासून ध्यान हाय."

तिने अंगठा दिला. शाई पुसायला तिला कोणी फडकं दिलं नाही.

मला आनंद झाला. खरं सांगायचं तर इतका आनंद मला माझ्या आयुष्यात झाला नव्हता. तो कोणाला दिसू नये म्हणून मी दोन्ही हातांनी गाल धरून, खाली मान घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, भावासाठी रडतो आहे. रडणं नंतर सुरू झालं.

डॉक्टरांनी दादाला उजेडात बसवलं आणि कानापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढली. "वेळेत पोचलात तर बघतील," ते म्हणाले. चिठ्ठीवरचं माझं नाव खोडून दादाचं लिहिलं. दुसरी चिठ्ठी लिहायला कागद संपले होते.

परत येताना गाडी मी हाकत होतो. सवयीने दादाचा हात चंचीकडे गेला. त्याने ती सोडली, आत पाहिलं, आणि पुन्हा बांधून वहिनीच्या मांडीवर ठेवली. 

"अवो," दादा म्हणाला, "लग्नानंतर आज आयकलं. आता घेतलंच हाय त अजून एक डाव घे न."

 वहिनीने तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं, पुढे सरकून माझी हनुवटी धरली आणि गालावरची रेघ पुसायला लागली. कातडं सोलवटेल इतक्या जोरात. सगळा निळा रंग निघेपर्यंत तिने मला सोडलं नाही.

दादानेही आपला गाल पुढे केला होता. ओला पदर हातात धरून ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने पदर पिळला. ती रेघ मुंबईपर्यंत राहायला हवी होती.