मोऱ्याचा फरा

माझ्या थोरल्या मुलीचं, सिंधूचं, लग्न झालं ते १९७८ सालच्या मे महिन्यात. मी तेव्हा मनमाडला रेल्वेत गँगमन होतो, पण लग्न गावी, येवल्याजवळ लावलं. नवऱ्याकडची मंडळी नाशिकची. व्याही निवृत्तीबुवा सरकारी कचेरीत कारकून. सोयरीक ठरताना विहीणबाईंनी, यशोदाबाईंनी, एकच गोष्ट विचारली होती.

"तुमच्या घरात मेलेली ढोरं फाडायचं काम कुणी केलंय का?"

"कधीच नाही," मी म्हणालो.

ते खोटं होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा ते काम सुटलं. तोवर माझा बाप सोमा गावची ढोरं ओढायचा, आणि मीही पंचविशी उलटेपर्यंत त्याच्याबरोबर सुरी चालवली. गावाला ते माहीत होतं, नाशिकला नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड एसटीतून फाट्यावर उतरलं. त्यांना आणायला कोंडाजीनं आपली बैलगाडी जुंपली. कोंडाजी मराठा, शेतकरी, माझा लहानपणापासूनचा दोस्त. मी सांगितलं नव्हतं, तो आपणहून आला. ओढ्याच्या उतारावर त्याच्या मोऱ्या बैलाचा पाय दगडावरून घसरला आणि भरल्या गाडीचा सगळा भार त्याच्यावर आला. माणसांना काही लागलं नाही. मोऱ्या कसाबसा उभा राहिला. पण त्याचा उजवा फरा, म्हणजे खांद्याचं पातं, पाठीच्याही वर निघाला होता.

गावात बहिरू हाडं बसवायचा. त्याला बोलावलं. त्यानं हात फिरवला.

"खोबणीतून निसटलाय. दोऱ्या आणा. तिघांनी पाय वढा, मी वरून दाबतो. खटकन बसंल."

तिथं खोबण नसते हे मला माहीत होतं. मेलेलं ढोर फाडताना पाय आणि छाती यांच्या मधून सुरी घातली, की कुठंही हाड न लागता सबंध पाय फऱ्यासकट हातात यायचा. बैलाचं धड दोन पुढच्या पायांच्या मध्ये नुसत्या मांसाच्या पट्ट्यांवर झोळीसारखं टांगलेलं असतं. मोऱ्याच्या झोळीची एक बाजू फाटली होती. ओढलं तर उरलेलीही फाटणार होती.

"बहिरूदा, जरा थांब," मी म्हणालो.

"का रं? रूळ उचलून उचलून ढोरांचा डॉक्टर झालास व्हय?"

सगळे हसले. निवृत्तीबुवाही हसले. "बोला की व्याहीबुवा, माहीत असेल तर सांगा."

यशोदाबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो.

"मग धर दोरी," कोंडाजी म्हणाला. "तुझ्या अंगात लय जोर हाय, पुंजा. माझा मोऱ्या सरळ कर, बाबा."

मी दोरी धरली. तिसऱ्या हिसक्याला आत ओलं कापड टरकावं तसा आवाज झाला. मोऱ्या खाली बसला, तो उठला नाही. त्याच्यापुढे चारा टाकून आम्ही लग्न लावायला गेलो.

तिसऱ्या दिवशी येवल्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी फऱ्याखाली हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"ओढलं कुणी याला? बैलाच्या पुढच्या पायाला धडाशी हाडाचा सांधाच नसतो. एक स्नायू तुटला होता. गोठ्यात बांधून ठेवला असता तर गाडीला चालला नसता कदाचित, पण जगला असता. बाकीचे तुम्ही तोडलेत."

"आम्हाला कुणाला ठावं व्हतं, साहेब?" कोंडाजी म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "व्हय ना रं, पुंजा?"

"व्हय," मी म्हणालो.

सिंधूचा संसार चांगला झाला. पुढं वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी रात्रशाळेत लिहायला शिकलो. पहिलं पत्र कोंडाजीला लिहायला घेतलं. समोर बसून बोलायची छाती नव्हती. "कोंडाजी, मला ठावं होतं," एवढं लिहिलं. मग वाटलं, तो ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईल, आणि गोष्ट फिरत फिरत नाशिकला जाईल. कागद फाडला.

मोऱ्या बैल २२ मे १९७८ ला मेला. कोंडाजी १९८६ च्या जानेवारीत वारला. मी त्याला सांगितलं नव्हतं.