नाव वाचून होईपर्यंत

आत्या कुणाला नाही म्हणायची नाही, आणि स्वतःच्या हातालाही तिने नाही म्हणायची मुभा कधी दिली नव्हती. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाची छोटीशी फिल्म दर वर्षी तिच्याच स्टुडिओत व्हायची. संगीत तेच, चौकट तीच, शेवटी आत्याच्या नावाची स्टुडिओची पाटी तीच. बदलायचं फक्त नाव आणि फोटो. म्हणजे साचा एकदाच करायचा, पण पुढे नाव घाला, फोटो घाला, तो पडद्यावर किती थांबवायचा ते बघा, फिल्म काढायला एक्स्पोर्टचं बटण दाबा, वाट बघा, की पुन्हा पहिल्यापासून. यंदा मनगटाने संप पुकारला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि माउसला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. निरोपसमारंभ तर तोंडावर आलेला. शाळेला नकार कळवायचं आत्याच्या अगदी जिवावर आलं.

"मी करते," भाची म्हणाली. भावाची ही मुलगी शिकायला म्हणून आत्याकडे राहिली आणि स्टुडिओतच रमली. "नावं आणि फोटो एकदा द्यायचे. कॉम्प्युटर एकेक करून साच्यात भरेल आणि फिल्म काढत जाईल. बटण दाबत बसायला नको."

"आणि त्यावर पाटी माझी?"

"ती साच्यातच आहे."

"आधी दाखव. मग पाटीचं बघू."

पहिल्या काही फिल्म बघता बघता तयार झाल्या. आत्याने चष्मा पुसून त्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. लांबलचक नावाची एक मुलगी हसते न हसते तोच पडद्यावरून गायब झाली होती.

"हिचं आडनाव कधी वाचायचं? आईने डोळे पुसेपर्यंत पोरगी गेलीसुद्धा. याला माझी पाटी लागणार नाही."

"मग तू हाताने करताना फोटो किती वेळ ठेवतेस?"

"हाताला कळतं."

"हे काय उत्तर झालं, आत्या?"

"माझ्याकडे एवढंच आहे."

दुसरी कुणी असती तर फणकारून उठली असती. भाचीने आत्याच्या जुन्या फिल्म लावल्या, तिला समोर बसवलं आणि स्वतः पडदा सोडून तिच्याच तोंडाकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडाला काय लागलंय?"

"तुझे ओठ हलतायत. तू प्रत्येक नाव मनात वाचतेस. वाचून झालं की मगच फोटो सरकतो."

आत्याने स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिला. इतकी वर्षं या कामात घातली आणि ही गोष्ट तिची तिलाच ठाऊक नव्हती.

मग भाचीने कॉम्प्युटरला अक्षरं मोजायला शिकवलं. जितकी अक्षरं, तितका वेळ फोटो थांबणार. पण कॉम्प्युटर पडला शहाणा! त्याने काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं सुटं मोजलं. दोन अक्षरी नावाचा एक मुलगा वेलांट्यांच्या जोरावर न हलणाऱ्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. आत्याला हसू आवरेना, मनगट दुखलं तरी आवरेना.

"त्याला सांग, तोंडाने जेवढी बोलतो तेवढीच अक्षरं."

भाचीने तसं सांगितलं. मग कॉम्प्युटर कामाला लागला आणि दोघी हात बांधून बसल्या. आत्याला रिकामं बसणं आयुष्यात ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती आपली उगाच टेबल पुसत होती.

तयार झालेली प्रत्येक फिल्म मात्र तिने स्वतः पाहिली. आता ओठ हलतायत हे तिला कळत होतं. ओठ थांबले की फोटो सरकायचा, एकाही मुलाच्या बाबतीत चुकलं नाही. आत्याचा ऊर भरून आला. आपल्या कामाचा अभिमान तिला होताच, पण ते काम आपला हात न लागता, दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून इतकं नीट उतरलेलं बघण्याचा अभिमान तिला नवा होता.

"पाटी राहू दे ना?" भाचीने हळूच विचारलं.

"पाटी साच्यात एकदा बदलली की सगळ्या फिल्ममध्ये बदलते ना?"

"हो. पण सगळ्या पुन्हा काढाव्या लागतील."

"लागू देत. त्याचं मनगट थोडंच दुखतंय? सरक तिकडे."

डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, आत्याने आपल्या नावाशेजारी भाचीचं नाव टाइप केलं.

"आता ही पाटी किती वेळ थांबेल?" आत्याने विचारलं.

"अक्षरांच्या हिशेबाने."

"त्याहून थोडी जास्त थांबव."