फक्त मुलींच्या नोंदी

नांदेडच्या ज्योत्स्नाकडे लातूरच्या एका बौद्ध वधू-वर मंडळाची वेबसाइट हलवायचं काम आलं. नऊ वर्षं ती साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो परक्या साइट्सच्या दाटीत होती. शेजारच्या साइटला व्हायरस लागला की हीही बंद पडायची. ज्योत्स्नाने नव्या सर्व्हरवर दोन कंटेनर, म्हणजे स्वतंत्र बंद कप्पे, उभे केले. एकात साइट, दुसऱ्यात मुलामुलींची माहिती, आणि दोन्हींना बाहेरच्यांचा वारा नाही.

डेटा आणून झाल्यावर तिने एका मुलीची खोटी नोंद करून पाहिली. नोंद झाली, पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, चूक उमटली: मेल गेला नाही. नव्या कंटेनरमध्ये मेलची सोय तिने अजून केलीच नव्हती. पण मेल चालला होता कुठे? पत्ता मंडळाचा नव्हता. तिने मुलाची नोंद केली. काहीच उमटलं नाही.

कोडमध्ये एक ओळ सापडली. मुलीची नोंद झाली की तिचं नाव, गाव, वय आणि फोन त्या अनोळखी पत्त्यावर जात होतं. ओळीवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

मंडळाचे सचिव आनंदराज सर यांना सांगायला तिने मोबाइल उचलला आणि परत ठेवला. तेच यात असले तर?

तिने जुनी साइट बांधणाऱ्या धम्मदीपला फोन केला.

“जय भीम, दादा. ही मेलची ओळ कशासाठी?”

“ऱ्हाऊ द्या की ती. कुणाचं काय बिघडून राहिलंय?”

“मुलींचे नंबर कुणाला देता तुम्ही?”

फोन कट झाला.

आता तिची खात्रीच पटली. जुनी साइट अजून चालू होती. तिच्यावर ज्योत्स्नाने ‘दीपाली, मुखेड, वय अठरा’ अशी नोंद केली, नंबर स्वतःचा दुसरा दिला आणि वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज बाईचा, उतारवयाचा.

“दीपाली, आजूबाजूला कुणी हाय का, बाळा? मग नुसतं हाव-न्हाई म्हण. लग्न तुझ्या मनानं होऊन राहिलंय ना? वय खरंच अठरा हाय?”

ज्योत्स्नाने आपलं खरं नाव सांगितलं.

“मंजे तू खोटी पोरगी,” बाई एकदम सावध झाल्या. “कुणी पाठवलं तुला?”

साइटचं काम आपल्याकडे आहे हे ज्योत्स्नाने सांगितल्यावर कळलं, की त्या सरजाबाई, धम्मदीपच्या मावशी, मुखेडच्या निवृत्त अंगणवाडी सेविका; ती ओळ त्याने त्यांच्यासाठीच घातली होती. जी मुलगी नको म्हणे, तिला त्या मदतीचा नंबर देत, कधी तिच्या आजीला गाठत.

“खरं कशावरून? एका तरी मुलीचं नाव सांगा.”

“न्हाई सांगणार. नावं वाटायला फोन न्हाई करत मी.”

ज्योत्स्नाचा संशय त्या नकाराने अर्धा गेला. अर्धा राहिलाच. हेतू चांगला असेलही, पण मुलींनी आपले नंबर मंडळाला दिले होते, मुखेडच्या कुणा बाईंना नाही. तिने ती ओळ नव्या कोडमधून काढून टाकली आणि लातूरची बस धरली.

आनंदराज सर ऐकून लालबुंद झाले. ते यात नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“त्या बाई दुसऱ्या मंडळाला स्थळं पुरवत नसतील कशावरून?”

“मला माहीत नाही, सर. पण सहा वर्षांत आपण एका तरी मुलीला विचारलं का, की हे लग्न तुला हवंय का?”

सर म्हणाले, “बोलवा त्यांना. माझ्यासमोर बसू द्या.”

सरजाबाई आल्या, धम्मदीप मागे मान खाली घालून. तासभर दोन्हीकडून उलटतपासणी चालली. शेवटी ठरलं, की नोंद मंजूर होण्याआधी मंडळातर्फे मुलीला फोन जाईल, फोन कोण करणार ते अर्जावरच छापलेलं असेल, आणि ते काम सरजाबाई मंडळात बसून करतील.

“पण बापाचा नंबर चालणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “पोरीचाच पायजे.”

ज्योत्स्नाने तिथेच अर्जात नवी जागा केली आणि साइट नव्या सर्व्हरवर वळवली. सरजाबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि चष्मा लावून म्हणाल्या, “आता हे पोरींचे नंबर कुठं कुठं जातात, ते मला सगळं दाखव.”