सतरावा स्वर

ग्रंथालयातल्या बाईंनी चर्मपत्राचं बाड मऊ उशीवर ठेवलं, हवं ते पान उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. वीर्लेने बोटाने मोजत मोजत ओळ पाहिली. सतरावा स्वर तिथे नव्हता. तिथे एक भोक होतं.

तिने पान उलटलं. मागच्या पानावरही त्याच जागी भोक होतं, जरा लहान. त्याच्या मागच्यावर टाचणीच्या टोकाएवढं. त्यापुढे किडा थांबला होता, किंवा मेला होता.

वीर्लेचे वडील रोम्बाउट ऑगस्टमध्ये गेले. बाड पाहायची परवानगी मागणारं त्यांचं शेवटचं पत्र त्याआधी दीड वर्ष गेलेलं; होकार आला ऑक्टोबरात. बाड नाजूक म्हणून सव्वीस वर्षं त्यांना कोणी हात लावू दिला नव्हता. त्यांनी सगळं काम काळ्यापांढऱ्या फिल्मवरून केलं. फोटो काढताना पानामागे काळं कापड धरलेलं होतं, आणि शाई पसरून कडा गोल झालेल्या काळ्या स्वरांच्या रांगेत ते भोक बेमालूम मिसळून गेलं होतं.

त्यांचं पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. वीर्ले आली होती ती फक्त मुखपृष्ठासाठी रंगीत फोटो मागायला.

पुस्तक एकाच नाचावर होतं. पंधराव्या शतकातला संथ नाच. जोडीने हात धरून, पाय जमिनीलगत सरकवत करायचा. लेखनिकाने वर स्वर लिहिले होते आणि प्रत्येक स्वराखाली पावलाचं एक अक्षर: इथे वाका, इथे डोला, इथे मागे या. पण या नाचात पावलं तीस आणि स्वर एकतीस. लेखनिक चुकला, असं सगळे म्हणत. रोम्बाउट म्हणाले, चुकला नाही. सतराव्या स्वराला पाऊलच नाही, तिथे थांबायचं. त्यावरून दोन प्राध्यापकांशी त्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पण हळूहळू उत्रेख्तपासून ल्योंपर्यंत जुने नाच करणारी मंडळं तिथे थांबायला लागली.

रोम्बाउटच्या स्वतःच्या मंडळात त्या स्वराला साथीदार फोन्सकाकांचा पावा आणि ढोलकं गप्प होत. वीर्लेच्या फिडलचा एकच लांब स्वर उरे. आई गेल्यापासून घरात बापलेकींचं बोलणं कामापुरतंच होतं. पण त्या एका स्वराला, नाचता नाचता थांबलेले रोम्बाउट मान वळवून तिच्याकडे बघत.

गुरुवारी तीन वाजता मेखलेनच्या चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची तालीम होती. आठ जण उरले होते, चार जोड्या.

"चेहरा असा का गं, पोरी?" फोन्सकाकांनी विचारलं. "पान फाडून आणलंस की काय?"

वीर्लेने सांगितलं. थोडक्यात, न अडखळता. गाडीत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती.

फोन्सकाका आधी हसले. "म्हणजे सव्वीस वर्षं आपण एका किड्याच्या जेवणासाठी अदबीने उभे होतो!" हसू थांबेना. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

ओडामावशी हसल्या नाहीत. त्या एकोणऐंशी वर्षांच्या, सव्वीस वर्षं रोम्बाउटच्या जोडीदार. आता त्यांच्या शेजारी गोमार उभे राहत.

"कोणाकोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग इथेच थांब. कोण जातंय भोकं मोजायला?"

"वसंतात अख्खं बाड रंगीत करून इंटरनेटवर ठेवणार आहेत, मावशी."

"ठेवू देत. तोवर मी असेन, नसेन."

"पुस्तक निघालं तर त्यावर बाबांचं नाव असेल."

"त्याचं नाव आहे म्हणूनच सांगतेय, गप्प बस."

"बाबांनी काय केलं असतं?"

सगळ्यांना माहीत होतं. स्वरलेखनातल्या एका टिंबावरून रोम्बाउटनी भरल्या सभेत एका बाईची अकरा वर्षांची मेहनत मोडीत काढली होती. ती बाई नंतर कुठल्याच परिषदेला आली नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं होतं, पण शब्द मागे घेतला नव्हता.

ओडामावशी उठल्या, गोमारचा हात धरला. "वाजव. तीस वाजव."

पहिल्या खेपेला सोळाव्या स्वरानंतर आठही जण थांबले. सूर पुढे निघून गेला. कोणीतरी "माफ करा" म्हणालं, कोणाला ते कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला फक्त ओडामावशी थांबल्या, आणि मागची जोडी त्यांच्यावर आदळली.

"डोक्यात शिरलंय गं," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांना कोण सांगणार?"

"मी ढोलकं जोरात वाजवतो," फोन्सकाका म्हणाले. "त्याच्या रेट्याने जा पुढे."

तिसऱ्या खेपेला जमलं. पावलं आणि स्वर एकदमच संपले. नाच चांगला होता, नीटनेटका होता, त्याच बाडातल्या इतर पन्नास नाचांसारखा. त्यात रोम्बाउटचं काय उरलं, ते वीर्लेने शोधून पाहिलं. काहीच नव्हतं. हे तर कोणीही वाचून काढलं असतं.

ओडामावशी खुर्चीवर बसल्या आणि बुटांचे बंद सोडायला लागल्या.

"पुढच्या गुरुवारी मी नाही यायची."

"मावशी..."

"राग नाही गं. तू बरोबर केलंस. पण मी काय इथे बरोबर नाचायला येत होते?"

त्यांनी बूट पिशवीत घातले, कोट चढवला. दारापर्यंत पोचवायला ती गेली, तेव्हा त्यांनी तिच्या गालाला हात लावला. हात गार होता.

"पुस्तकाचं काय?" फोन्सकाकांनी विचारलं.

"छापू नका, एवढंच सकाळी कळवलं. कारण नाही सांगितलं."

"अख्खं पुस्तक? ती एक दोन प्रकरणं तरी..."

"सगळी प्रकरणं त्या स्वराकडेच जातात, काका. मी रात्रभर वाचून पाहिलं."

फोन्सकाकांनी मान हलवली. पाव्याच्या तोंडातलं पाणी झटकलं.

गोमार रिकाम्या हाताने रांगेत उभे होते. "पुन्हा करायचं का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, पायांना सवय व्हायला."

"पुन्हा," वीर्ले म्हणाली.

चौथ्यांदा कोणी थांबलं नाही. पाचव्यांदाही नाही. दर खेपेला आधीपेक्षा सोपं जात होतं.