माझा पिवळा चिमटा

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. मला तीन शेपट्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला एक चिमटा आहे: लाल, हिरवा आणि पिवळा. पिवळा मोडला आहे, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे. हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या मशीनखालच्या खणात, जेलीच्या बाटल्यांमागे मी पडून असते.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा रबरात ओवल्या, हिसडा देऊन पाहिला आणि मला पास केलं. मग मशीनशी माझी गाठ पडली. मशीनचा तोरा काय विचारता! हृदय त्याला दिसतं, भिंती किती हलल्या तेही ते मोजतं. पण ठोक्याची हाक, म्हणजे भिंतींना आवळायला सांगणारा विजेचा इशारा, नेमकी कधी निघाली, हे त्या शहाण्याला कळत नाही. ते मी सांगते. माझे तिन्ही चिमटे छातीवरच्या चिकटपट्ट्यांना लावले की मला हाक ऐकू येते. मग कोणती भिंत लगेच आवळली आणि कोणती रेंगाळली, हे आम्ही दोघं मिळून सांगतो.

तेव्हा या खोलीतल्या डॉक्टर म्हणजे मोठ्या बाई. सगळे त्यांना असंच म्हणत. मला लावल्याशिवाय त्या मशीनला हातही लावायच्या नाहीत. काम झालं की माझ्या शेपट्या पुसून हुकाला टांगायच्या. फार लाड झाले माझे.

त्यांच्याकडे एकदा दवाखान्याच्या लाँड्रीतल्या मावशी आल्या. या खोलीतल्या चादरी मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ हातानेच पिळत. मावशींना जिना चढताना दम लागत होता. बाईंनी मला लावलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मावशी, चादर पिळताना दोघी एकदमच पीळ देता ना?”

“मग काय. एकीने उशीर केला की दुसरीच्या हातांचे हाल, आणि चादर ओली ती ओलीच.”

“तुमच्या हृदयाच्या दोन भिंतींचं तसंच चाललंय. एक जरा मागे राहतेय. आज घाबरायचं कारण नाही. पण दर वर्षी ही वेळ मोजून घ्या. अंतर वाढलं तर नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. दोन्ही भिंतींना एकदम हाक देणारं छोटं यंत्र बसवावं लागेल.”

मावशी हसल्या. “म्हणजे आतली जाऊ आळशी निघाली म्हणा की.”

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या. एका गर्दीच्या सकाळी मी हुकावरून घसरले आणि मशीनचं चाक माझ्या पिवळ्या चिमट्यावरून गेलं. नवे डॉक्टर वाईट नाहीत, पण बाहेरची रांग त्यांना श्वास घेऊ देत नाही. “चित्र दिसतंय ना? मग राहू दे. चिमटा मागवू नंतर,” ते म्हणाले. मला खणात टाकलं. ते ‘नंतर’ अजून उजाडलेलं नाही.

मावशी वर्षाच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांचा दम खोलीत येण्याआधीच मला ऐकू आला. त्यांनी विचारलं, “ती शेपट्यांची वायर नाही लावत आता?”

“मोडलीय ती. तिच्यावाचून अडत नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

मित्रांनो, त्या ‘बरं’ने माझा जीव कासावीस झाला. अडतं हो, मावशी, तुमचंच अडतं! पण वायरीला कुठलं तोंड? मशीनने हलणाऱ्या भिंती दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, “हृदय थोडं कमजोर आहे, गोळ्या वाढवू.” कोणती भिंत किती मागे आहे, हे कोणी मोजलंच नाही. पुढच्या खेपेला मावशी चाकाच्या खुर्चीतून आल्या. तेव्हाही गोळ्याच वाढल्या.

आज त्यांची जाऊ एकटीच चादरी घेऊन आली. डॉक्टरांनी पलंगावरच्या चादरीला हात लावला. “ही ओली कशी?”

“दुसरं टोक नळाला बांधून पिळते, साहेब. नळ कुठे पीळ देतो?”

“आणि मावशी?”

“वरच्या वॉर्डात आहेत. ऑक्सिजन लावलाय. गोळ्यांनी व्हायचं तेवढं झालं म्हणतात. उद्या घरी सोडणार. घरी नेऊन काय करू, ते कोणी सांगत नाही.”

डॉक्टरांनी माझा खण उघडला. मला वाटलं, आता तरी! माझी लाल शेपटी त्यांच्या बोटांत अडकलीसुद्धा. त्यांनी ती सोडवली, जेलीची बाटली घेतली आणि खण लावला. दुसरा पेशंट त्या ओल्या चादरीवर आडवा झाला.

मी इथे तळमळते आहे. माझ्या तारा शाबूत आहेत. हाक मला अजूनही ऐकू येईल. एक चिमटा हवा, चिमुकला, पिवळा. तो नसेल तर उघडी तार पट्टीने चिकटवा, पण मला मावशींच्या छातीपर्यंत न्या. अंतर वाढलंय की नाही, हे एकदा तरी बघा.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी अशा पलंगावर झोपलं, तर वायर कुठे आहे ते विचारा. “अडत नाही” म्हणाले, तरी पुन्हा विचारा. आणि या खोलीत येणार असाल तर आजच या. मावशी उद्या जाणार आहेत. खण जरा अडकतो, जोर लावून ओढा.