न कापता गाठ काढणारे महाराज

पंचवटीत गोटीराम महाराजांच्या मांडवाबाहेर त्या आठवड्यात चप्पल काढायला जागा नव्हती.

"डॉक्टर कापतो, मी बोलावतो!" महाराज माइकवर गर्जत. "गाठ माझा शब्द मोडत नाही!"

बाईच्या छातीवर, पदरावरूनच, पिवळं फडकं ठेवायचं आणि वर तीर्थ शिंपडायचं. फडकं लालभडक व्हायचं, घडीतून रक्ताळलेली गाठ ताटात पडायची, आणि अख्खा मांडव हात जोडायचा.

रांगेत भाजीवाली कुसाबाई उभी होती. तिच्या छातीतली गाठ खरी होती. कॅन्सरचीच, पण लहान आणि वेळेत सापडलेली. सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टर वेदिकांना तिने दहादा विचारलं होतं, "कापल्याबिगर नाय का जमत?"

"शेक म्हणजे रेडिएशन आहे, गोळ्या आहेत, केमो आहे," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पण तुमच्या बाबतीत ते ऑपरेशनच्या जोडीला. ऑपरेशन झेपणारच नाही अशा एखाद्या म्हाताऱ्या पेशंटला नुसत्या गोळ्यांवर ठेवतो. तुम्हाला झेपेल. गाठ आणि भोवतालचा थोडा भाग, एवढंच काढायचंय."

तरी सुरीची धास्ती तिला मांडवात घेऊन आली. पुढच्या बाईचं फडकं लाल झालं आणि कुसाबाई चमकली. हळदीच्या डागाला साबण लागला की लुगड्यावर असाच रंग फुटतो!

घरी तिने फडकं हळदीत भिजवून वाळवलं, वर चुन्याची निवळी शिंपडली. लालभडक! ती खो खो हसली. मग थोडी रडली, कारण आता सोमवार टळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी नणंद लताबाईला घेऊन ती मांडवात शिरली. हातगाडीवर गोधडीत कोणीतरी झोपलेलं.

"सासूबाई हायत, महाराज. लय थकल्यात. परपुरुषाला तोंड दाखवत नायत."

"नको, नको. मला आतलं दिसतं!" महाराजांनी गोधडीवर फडकं ठेवून डोळे मिटले. "जुनी गाठ आहे. सूनबाई, फार उशीर केलास!"

तीर्थ पडलं, फडकं लाल झालं, गाठ ताटात आली. जयजयकार झाला. कुसाबाईने गोधडी ओढली. आत दोन डांगर भोपळे आणि एक लांबलचक दुधी!

मांडव हसून लोळला. महाराज उठायला गेले, तर लताबाईने शालीचं टोक धरलं. शालीखालून पिशवी पडली. तिच्यात कोंबडीच्या कलेजीचे तुकडे होते.

कुसाबाईने माइक घेतला. "फडक्याला हळद, तीर्थात चुना. दोन्ही तुमच्या घरात हाय. करून बघा!"

हसू ओसरल्यावर एक तरुण बाई जवळ आली. "मावशी, मला दोन महिन्यांपासून गाठ लागतेय. घरी कुणाला बोलले नाही."

कुसाबाईने तिला तशीच रिक्षात घातली आणि डॉक्टर वेदिकांसमोर बसवली.

सोमवारी कुसाबाईचं ऑपरेशन झालं. पुढे शेक घेतला, आता गोळ्या चालू आहेत. बाजारात कोणी बाई छातीपाशी हात नेऊन घुटमळली, की ती तराजू खाली ठेवते आणि सांगते, "सगळ्याच गाठी वाईट नसतात, बाई. पण ते तपासणीच सांगती. आजच जा."